डॉक्टर, बाबांना काही सांगू नका

कॅन्सरच्या कुठल्याही ओपीडीत थोडा वेळ बसलं तर हा प्रकार हमखास पाहायला मिळतो. पेशंटचा नंबर पुकारला जातो, पण केबिनमध्ये आधी शिरतो तो मुलगा. दार लोटून घेतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "डॉक्टर, बाबांना काही सांगू नका हं. आम्ही त्यांना नुसती गाठ आहे असं सांगितलंय." मग बाबा आत येतात, तपासणी होते. मुलगा औषधं आणायला खाली गेला की बाबा नर्सला विचारतात, "सिस्टर, खरं सांगा, किती दिवस आहेत माझ्याकडे? पोराला कळू देऊ नका, तो आधीच खचलाय."

म्हणजे माहीत दोघांनाही आहे. दोघंही एकमेकांपासून लपवतायत, आणि दोघंही ते मायेपोटीच करतायत. मुंबईत परळला १९४१ साली टाटा रुग्णालय सुरू झालं. आज 'टाटाला नेलंय' एवढं म्हटलं की गावाला निदान कळतं. तिथल्या पाट्या वाचत, रेडिएशनच्या रांगेत बसून आलेल्या माणसाला काही कळलं नसेल, असं मानणं म्हणजे त्याला खुळा समजणं झालं.

पण मुलाला डॉक्टरांनी काय उत्तर द्यायचं? आणि बाबांना नर्सने काय म्हणायचं? "असं बोलू नये आजोबा, सगळं ठीक होणार आहे" हे वाक्य आपसूक तोंडावर येतं. ते बोललं की बाबा गप्प होतात आणि त्यांचा प्रश्न तसाच पोटात राहतो. यापेक्षा बरं उत्तर शिकवता येतं का? येतं. ते कसं शिकवतात, हे समजून घेण्यासारखं आहे.

वर्षं गेली म्हणून येत नाही

कॅन्सरच्या रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या मनाचं काय होतं, याचा अभ्यास करणाऱ्या शाखेला सायको-ऑन्कॉलॉजी म्हणतात. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात १९७७ साली जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी कॅन्सरच्या रुग्णांसाठी वेगळा विभाग उभा केला आणि या शाखेला आकार आला. १९८४ साली तिची आंतरराष्ट्रीय संघटनाही निघाली.

२०११ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी' या नियतकालिकात ९४ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. कॅन्सरच्या रुग्णालयांतल्या साधारण सहापैकी एका रुग्णाला नैराश्याचा आजार असतो, असं त्यात दिसलं. चिंता, परिस्थितीशी जुळवून न घेता येणं, हेही धरलं तर आकडा ३० ते ४० टक्क्यांवर जातो. भारतात २०२२ साली कॅन्सरचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण असावेत असा अंदाज आहे. आपल्याकडे लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही पुरता येत नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञ येईल आणि बघेल, हा हिशेब बसणारच नाही. जी माणसं रोज रुग्णाजवळ असतात, म्हणजे सर्जन, नर्स, रेडिएशनचा टेक्निशियन, समाजसेवा विभागातली बाई, त्यांनाच यातलं बरंचसं यायला हवं.

यावर एक हुकमी उत्तर मिळतं: अनुभवाने येतं ते. वीस वर्षं पेशंट बघितले की डॉक्टर आपोआप तयार होतो! मँचेस्टरचे मनोविकारतज्ज्ञ पीटर मॅग्वायर यांनी हा समज मोडीत काढायला सुरुवात केली. डॉक्टर आणि नर्स रुग्णांशी प्रत्यक्षात कसे बोलतात, ते ध्वनिमुद्रित करून त्यांनी तपासलं. पुढे लेस्ली फॅलोफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या ३४ कॅन्सर केंद्रांतले १६० तज्ज्ञ डॉक्टर घेतले, त्यांच्या खऱ्या भेटी चित्रित केल्या आणि २००२ साली निष्कर्ष मांडले. काही डॉक्टरांना तीन दिवसांचं निवासी प्रशिक्षण दिलं होतं, तर काहींना त्यांच्या बोलण्यावरचा लेखी अभिप्राय पाठवला होता. प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर नंतर मोकळे प्रश्न जास्त विचारू लागले, रुग्णाच्या भावनेची दखल घेऊ लागले. नुसत्या लेखी अभिप्रायाने फारसा फरक पडला नाही. आणि नुसती वर्षं गेल्याने हे कौशल्य सुधारत नाही, हेही फॅलोफील्ड यांनी ठामपणे मांडलं. चुकीची सवय वीस वर्षं घोटली तर ती आणखी पक्की होते, एवढंच.

बोलणं अडतं कुठे

१९८४ सालचा एक अमेरिकी अभ्यास डॉक्टरांच्या वर्तुळात फार गाजला. बेकमन आणि फ्रँकेल यांनी मोजलं की आपली तक्रार सांगायला लागलेल्या रुग्णाला डॉक्टर सरासरी किती वेळात तोडतो. उत्तर आलं १८ सेकंद. तो अभ्यास साध्या दवाखान्यांतला होता, कॅन्सरचा नव्हे. पण आपल्यापैकी कोणाला तो खोटा वाटेल, असं मला वाटत नाही.

कॅन्सरच्या बाबतीत तोडण्याचे प्रकार जास्त नाजूक असतात. मॅग्वायर यांनी ते नीट टिपले आहेत. रुग्ण म्हणतो, "रात्री झोप लागत नाही, फार विचार येतात." डॉक्टर विचारतात, "दुखतं का रात्री?" म्हणजे मनाची गोष्ट शरीराकडे वळवली. किंवा, "सगळ्यांनाच होतं असं सुरुवातीला." म्हणजे गोष्ट सर्वसामान्य करून टाकली. तिसरा प्रकार घाईच्या धीराचा: "काळजी करू नका, आता खूप चांगली औषधं आहेत." चौथा आपल्याकडे फार प्रिय, थट्टेचा: "अहो काका, तुम्ही तर वाघ आहात!" यातलं एकही वाक्य दुष्टपणाचं नाही. पण प्रत्येक वाक्यातून काकांना एकच निरोप मिळतो, की हा विषय इथे काढायचा नाही. काका शहाणे असतात, पुन्हा काढत नाहीत.

चांगली माणसं असं का वागतात? एक तर भीती. विचारलं आणि पेशंट रडायला लागला तर आवरायचं कसं? दुसरं, स्वतःचा बचाव. दिवसाला पन्नास जणांचं दुःख आत घेतलं तर संध्याकाळी घरी जाणारं माणूस कसं उरेल? ही भीती खोटी नाही आणि प्रशिक्षणाने ती हसण्यावारी नेऊ नये. तिसरं कारण वेळेचं. ते मात्र वाटतं तेवढं भक्कम नाही. १९९९ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. स्त्रियांना डॉक्टर-रुग्ण भेटीची चित्रफीत दाखवली. त्यांच्यात स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्याही होत्या. निम्म्या जणींच्या चित्रफितीत डॉक्टरच्या तोंडी आस्थेची काही वाक्यं जादा घातली होती. ती चित्रफीत पाहणाऱ्या स्त्रियांची चिंता दुसऱ्या गटापेक्षा कमी भरली. जादा वाक्यांना लागलेला वेळ होता ४० सेकंद.

तालीम

हे व्याख्यानाने शिकवता येत नाही. म्हणून कार्यशाळेत खोटा पेशंट आणतात. ही पद्धत वैद्यकीय शिक्षणात १९६३ साली लॉस एंजेलिसच्या हॉवर्ड बॅरोज यांनी आणली. पढवून तयार केलेलं माणूस रुग्ण होऊन बसतं, आणि शिकणारा त्याच्याशी खऱ्यासारखं बोलतो. बाकीचे सात-आठ जण कडेने बसून पाहतात.

एक नमुना घेऊ. खुर्चीत बसलेली अभिनेत्री बावन्न वर्षांची बाई झाली आहे. गाव लातूरकडचं, स्तनात गाठ, बायोप्सीचा रिपोर्ट आलेला. समोर तरुण निवासी डॉक्टर. रिपोर्ट ऐकून बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणते, "सुनेला एवढं सांगू नका. नातवाला माझ्याजवळ येऊ देणार नाही ती."

डॉक्टर लगेच म्हणतो, "छे छे मावशी, कॅन्सर एकमेकांना लागत नाही. काही काळजी करू नका."

इथे प्रशिक्षक हात वर करून थांबवतो. डॉक्टर गोंधळतो, कारण त्याने दिलेली माहिती शंभर टक्के बरोबर आहे. प्रशिक्षक त्याला एवढंच विचारतो: बाईंनी काय सांगितलं? आजार लागतो का, असं त्यांनी विचारलं होतं का? मग प्रसंग तीन वाक्यं मागे नेतात आणि तिथून पुन्हा सुरू करतात. या खेपेला डॉक्टर क्षणभर थांबून विचारतो, "सून जवळ येऊ देणार नाही असं तुम्हाला का वाटलं, मावशी?" बाई जमिनीकडे बघत म्हणते, "परवापासून माझं ताट वेगळं ठेवलंय तिनं."

सगळी गोष्ट त्या वेगळ्या ताटात होती. आता काय करायचं ते उघड आहे. पुढच्या खेपेला सुनेला बोलावून घ्यायचं आणि हा आजार जेवणाखाण्यातून, स्पर्शातून पसरत नाही, हे तिला सांगायचं. माहिती तीच, पण जिला द्यायला हवी तिला दिली.

या तालमीचे काही नियम असतात. शिकणारा अडकला तर तो स्वतः खेळ थांबवू शकतो. चर्चेत आधी काय जमलं ते बोलायचं, मग काय राहिलं. 'छान बोललास' असा अभिप्राय चालत नाही, नेमकं कुठलं वाक्य बोलल्यावर बाईंनी मान वर केली, ते सांगावं लागतं. आणि कधी तरी डॉक्टरलाच पेशंटच्या खुर्चीत बसवतात. भल्याभल्या सर्जनांना तिथे घाम फुटतो. माझ्या मते कार्यशाळेतला सर्वांत मोलाचा अर्धा तास तोच.

वाईट बातमी सांगण्यासाठी सहा पायऱ्यांचा एक क्रम जगभर शिकवतात. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन आणि सहकाऱ्यांनी २००० साली तो मांडला, नाव 'स्पाइक्स'. आधी निवांत जागा आणि बसायची व्यवस्था. मग रुग्णाला आतापर्यंत काय कळलंय ते विचारायचं. मग त्याला किती जाणून घ्यायचंय, ते. त्यानंतर थोडं थोडं, सोप्या शब्दांत सांगायचं. मग गप्प राहून भावनेला जागा द्यायची, आणि शेवटी पुढचं मिळून ठरवायचं. पहिली पायरी आपल्या सरकारी ओपीडीत ऐकली की हसू येतं. एक पेशंट स्टुलावर, दुसरा दारात, तिसऱ्याचा नातेवाईक टेबलावर रिपोर्ट ठेवतोय. तरी पडदा ओढता येतो, फोन उलटा ठेवता येतो, उभ्याने न बोलता बसता येतं. हा क्रम म्हणजे विहिरीत पोहायला शिकताना पाठीला बांधलेला डबा. आधी त्याच्याशिवाय बुडाल, पण जन्मभर तो बांधून कोणी पोहत नाही. क्रम पाठ म्हणणारा डॉक्टर पेशंटला लगेच ओळखू येतो.

मुलाला काय सांगायचं

पाश्चात्त्य पुस्तकं रुग्णाला एकटा धरतात. आपल्याकडे रुग्णाबरोबर चार माणसं येतात, पैसा मोठा मुलगा घालतो, निर्णय मामा घेतो आणि डबा सून आणते. घरच्यांना वगळून इथे काही शिकवलं तर ते केबिनच्या दारातच गळून पडेल. पण 'लपवणं ही आपली संस्कृती' हेही अर्धंच खरं. १९६१ साली शिकागोच्या डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ ९० टक्के डॉक्टर कॅन्सरचं निदान रुग्णाला न सांगण्याच्या बाजूचे होते. १९७९ साली अमेरिकेत तसाच प्रश्न पुन्हा विचारला, तर ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. अठरा वर्षांत संस्कृती बदलत नसते. उपचार सुधारले, रुग्णांचे हक्क पुढे आले, तशी सवय बदलली.

मॅग्वायर आणि अ‍ॅन फॉकनर यांनी १९८८ साली या लपवाछपवीतून वाट काढण्याची रीत लिहून ठेवली, ती आपल्याकडे चांगली लागू पडते. मुलगा "सांगू नका" म्हणाला की डॉक्टरने हक्काचं व्याख्यान द्यायचं नाही. "सांगितलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?" असं विचारायचं. तो म्हणेल, "धसका घेतील, जेवण सोडतील." ते मान्य करायचं, बापाला तो डॉक्टरपेक्षा जास्त ओळखतो. मग विचारायचं, "आणि हे सगळं एकट्याने सांभाळताना तुमचं काय होतंय?" बहुतेक वेळा हा प्रश्न त्याला आजवर कोणीही विचारलेला नसतो. तो बोलतो: झोप नाही, बायकोशीही धड बोलणं नाही, वडिलांसमोर खोटं हसावं लागतं. इतकं झाल्यावर परवानगी मागायची: "मी स्वतःहून काहीही सांगणार नाही. पण त्यांना काय वाटतंय, एवढं विचारू का?"

आणि बाबांना विचारायचं, "तुम्हाला काय झालं असेल असं वाटतं?" बाबा बहुधा सांगतात. नाही सांगितलं, "ते मुलाला विचारा" म्हणाले, तर तोही त्यांचा निर्णय. सत्य तोंडावर फेकायला हे प्रशिक्षण शिकवत नाही, हे आवर्जून सांगायला हवं. नकोसं सत्य गळी उतरवणं ही लपवण्याइतकीच जबरदस्ती आहे.

विचारल्याशिवाय कळत नाही

मॅग्वायर यांचाच आणखी एक अभ्यास मला फार शिकवणारा वाटतो. स्तन काढून टाकलेल्या स्त्रियांपैकी काहींना एका खास नर्सने भेटून समुपदेशन केलं. १९८० साली निकाल आला. समुपदेशनाने नैराश्य टळलं नव्हतं! पण नर्स वरचेवर विचारपूस करत राहिल्यामुळे मदतीची गरज असलेल्या स्त्रियांपैकी ७६ टक्के तिच्या नजरेत आल्या आणि योग्य तज्ज्ञाकडे गेल्या. जिथे नर्स नव्हती तिथे हे प्रमाण १५ टक्के होतं. वर्ष-दीड वर्षाने नर्सच्या गटात मानसिक त्रास १२ टक्के जणींना राहिला होता, दुसऱ्या गटात ३९ टक्के जणींना. गोड बोलण्यापेक्षा वेळेवर ओळखण्याचं मोल जास्त ठरलं.

ओळखण्यासाठी एक सोपं साधन आहे, डिस्ट्रेस थर्मामीटर. कागदावर थर्मामीटरचं चित्र, शून्य ते दहा आकडे. गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, तिथे रुग्णाने खूण करायची. चार किंवा त्याच्या वर खूण आली की कोणी तरी बसून बोलायचं. सोबत अडचणींची यादी असते: पैसा, प्रवास, मुलं, झोप, देवावरचा विश्वास. हा कागद भरून घेणं नर्सला शिकवता येतं. मात्र वर आलेल्या आकड्याचं पुढे काय करायचं, कोणाकडे पाठवायचं, हे आधी ठरलेलं नसेल तर तो फाइलमधला आणखी एक कागद होतो.

यादीतल्या बऱ्याच अडचणी समुपदेशनाने सुटत नाहीतच. बीडहून आलेल्या माणसाला रात्री झोप येत नाही, कारण तो फुटपाथवर झोपतोय. त्याला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, रेल्वेची सवलत, महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा कागद हवाय. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १९४६ साली देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, ती याचसाठी. आणि तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात "तंबाखू खाल्लीस, आता भोग" हे वाक्य नातेवाइकांकडून पुरेसं ऐकू येतं. निदान गणवेशातल्या माणसांनी तरी त्यात भर घालू नये, हे शिकवायला हवं.

> चौकट: घरच्यांसाठी
> डॉक्टरांकडे जाण्याआधी पेशंटला विचारा, "तुला सगळं ऐकायचंय, की मी ऐकू?" त्याचं उत्तर डॉक्टरांना सांगा. प्रश्न कागदावर लिहून न्या. 'कॅन्सर' शब्द ऐकल्यावर पुढचं फारसं डोक्यात शिरत नाही. तो मरणाचं बोलला तर विषय बदलू नका. "तुला कशाची भीती वाटते?" असं विचारा आणि ऐका. झोप, भूक, बोलणं दोन आठवडे उडालं असेल किंवा 'जगण्यात अर्थ नाही' असं तो म्हणाला, तर ते त्याच दिवशी नर्सच्या किंवा डॉक्टरांच्या कानावर घाला. तुमची स्वतःची झोप उडाली असेल तर तेही सांगा.

हे कोण शिकवणार

आपल्याकडे सुरुवातच झालेली नाही, असं नाही. वांद्र्याचं शांती आवेदना सदन, भारतातलं पहिलं हॉस्पिस, १९८६ पासून शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळतंय. पुण्यात वारज्याला सिप्लाचं परिहार सेवा केंद्र १९९७ पासून आहे आणि प्रशिक्षण हा त्याच्या कामाचाच भाग आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा 'एटकॉम' नावाचा भाग सक्तीचा झाला. चांगलं झालं. पण आज कॅन्सर वॉर्डात निर्णय घेणारे बहुतेक तज्ज्ञ त्याच्या आधीच शिकून बाहेर पडलेले आहेत.

आपल्याकडे रुग्णालयांना देणग्या देण्याची परंपरा मोठी आहे. आईच्या नावे डायलिसिसचं मशीन, वडिलांच्या नावे रुग्णवाहिका. बार्शीच्या, नागपूरच्या, संभाजीनगरच्या कॅन्सर रुग्णालयांतल्या नर्सेसना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवायला, आणि ते तीन दिवस त्यांच्या जागी बदली माणूस द्यायला, यापेक्षा पुष्कळ कमी पैसे लागतात. पुढच्या वेळी देणगीचा चेक लिहाल तेव्हा रुग्णालयाला एवढं विचारा: तुमच्या नर्सेसना हे प्रशिक्षण मिळालंय का, आणि नसेल तर या पैशातून ते देणार का?